उरलेली तेरा वर्षं कोणाला द्यायची?

सभासद : माझं म्हणणं सरळ आहे. २५ वर्षांचं हॉलिडे सभासदत्व घेतलं, १२ वर्षं मनापासून वापरलं, १३ शिल्लक आहेत. मुलं परदेशी गेली, यजमानांचे गुडघे डोंगरातल्या पायऱ्यांना तयार नाहीत, आणि वर्षाच्या सात रात्री नुसत्या साचत चालल्या आहेत. फी मात्र दरवर्षी भरावी लागते, गेलं तरी आणि न गेलं तरी. मला गरज उरली नाही, दुसऱ्या कुणाला असेल. मग विकायला हरकत काय? जुनी गाडी विकतो, राहतं घर विकतो, वेळ आली तर दागिनाही मोडतो. घेताना चार लाख मोजले होते. अर्ध्याहून जास्त काळ बाकी आहे, तेव्हा दोन लाख मागणं मला गैर वाटत नाही.

शंकेखोर : गाडी विकली की तुम्ही मोकळ्या होता आणि घेणाऱ्याला गाडी मिळते. इथे घेणाऱ्याच्या हातात काय पडतं, ते आधी पाहू. कराराचे कागद काढा. महाबळेश्वरच्या किंवा गोव्यातल्या वार्क्याच्या रिसॉर्टची एक वीटही तुमच्या नावावर नाही. अमेरिकेत अशा योजनेचं, म्हणजे टाइमशेअरचं, खरेदीखत होण्याची पद्धत आहे. ते सरकारदरबारी नोंदवतात आणि आठवड्याची मालकी वारसांकडे जाते. आपल्याकडच्या बहुतेक योजना मालकी देत नाहीत, ठरावीक वर्षं राहण्याचा हक्क देतात. त्या हक्काला वार्षिक फी भरण्याची जबाबदारी बांधलेली आहे. १८७२ च्या करार कायद्याखाली न्यायालयांनी एक गोष्ट पक्की केलेली आहे : करारातला हक्क दुसऱ्याला देता येतो, पण जबाबदारी समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर टाकता येत नाही. म्हणून कंपनीची ना हरकत लागते, ट्रान्सफर फी लागते, थकबाकी शून्य असावी लागते. तुम्ही एक हक्क आणि एक देणं एकत्र विकताय. ‘अर्धी वर्षं, अर्धी किंमत’ हा हिशेब हक्काचा झाला. देण्याचा हिशेब तुम्ही मांडलेलाच नाही.

सभासद : मांडा तुम्ही. पण त्याआधी, ही योजना म्हणजे निव्वळ फसवणूक असा जो सूर हल्ली लागतो, तो मला मान्य नाही. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये ही कल्पना निघाली तेव्हा तिच्यामागे साधा विचार होता. वर्षातून एखादा आठवडा लागणाऱ्या घरासाठी अख्खं घर कशाला घ्यायचं? चारजणांनी मिळून घ्यावं. १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही कंपनी निघाली आणि आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून घेण्याची सोय झाली. भारतात १९८६ साली स्टर्लिंगने सुरुवात केली, १९९६ मध्ये महिंद्र हॉलिडेज आली. त्याआधी आपली सुट्टी म्हणजे काय होतं, आठवा. मामाचं गाव, नाहीतर एलटीसी काढून बँकेच्या हॉलिडे होममध्ये नंबर लावायचा. हॉटेलात आठवडाभर राहणं हे आमच्यासारख्या दोन पगारांच्या घरालाही उधळपट्टी वाटायचं. सभासदत्व घेतल्यावर मुन्नार पाहिलं, कूर्ग पाहिलं. सासूबाईंना बाहेरचं चालत नसे, पण खोलीतच लहानसं स्वयंपाकघर असल्यामुळे त्याही आल्या. पैसे आधी भरलेले होते म्हणूनच आम्ही गेलो. नाहीतर दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिलो असतो. हे सगळं मी दुसऱ्या कुटुंबाला देऊ बघतेय, आणि त्याचं मला समाधान आहे.

शंकेखोर : तुमच्या आठवणींना मी हात लावत नाही. पण त्या तुमच्याकडेच राहणार आहेत, घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्याच्यासमोर पुढची १३ वर्षं आहेत. उदाहरणापुरते आकडे धरू. यंदाची फी २०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. ती दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर १३ वर्षांत करासह साडेचार लाखांच्या आसपास जाते. ही रक्कम तुमच्या मूळ चार लाखांहून मोठी आहे. आता दुसरी बाजू. तशीच खोली बाहेर रात्रीला ८,००० रुपयांना मिळते असं समजा. सातही रात्री राहणाऱ्याला ५६,००० चं राहणं २३,६०० मध्ये मिळालं. त्याचा फायदा ३२,४००. तीन रात्री राहणाऱ्याला २४,००० चं राहणं २३,६०० मध्ये, फायदा चारशे रुपये. दोनच रात्री राहणारा ७,६०० रुपयांनी बुडाला. म्हणजे एकच सभासदत्व एका घरात लाखांचं आहे, दुसऱ्या घरात शून्याचं, आणि तिसऱ्या घरात चक्क कर्ज. त्याची बाजारभावाने किंमत ठरत नाही, घेणाऱ्याच्या राहणीवर ठरते.

सभासद : हे गणित माझ्याच बाजूचं आहे! सातही रात्री वापरणाऱ्याचे, आजच्याच दराने, १३ वर्षांत चार लाखांहून अधिक वाचतात. मी त्यातले दोन मागतेय. आणि फी वाढेल म्हणता, तर हॉटेलांचे दर काय आहेत तिथे राहणार आहेत? मे महिन्यात महाबळेश्वरला खोली शोधून पाहा.

शंकेखोर : मे महिन्याचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं. तुमचा सीझन कोणता?

सभासद : पांढरा.

शंकेखोर : म्हणजे शाळेच्या सुट्ट्यांचे बरेचसे आठवडे त्यात बसत नाहीत. जांभळा सर्वात मागणीचा, मग लाल, मग पांढरा, शेवटी निळा. तुमच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक कोण आहे? शाळेत जाणारी दोन मुलं असलेलं तरुण जोडपं. त्यांना सुट्टी मिळते मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. नेमक्या त्याच आठवड्यांवर सगळे तुटून पडतात, आणि वरच्या सीझनवाल्यांचा हक्क आधी. रिसॉर्टमधल्या खोल्या मोजक्याच असतात. बुकिंगची खिडकी उघडल्या दिवशी हजर राहावं लागतं, काही महिने आधी तारखा ठरवाव्या लागतात. खाजगी नोकरीत रजा आठवडाभर आधी मंजूर होते, त्यांनी काय करायचं? अशा घरात तुमच्या सात रात्रींच्या तीन होतात, आणि तीन रात्रींचं मोल चारशे रुपये हे आपण आत्ताच पाहिलं. शिवाय काही योजनांत मूळ सभासदाला मिळालेल्या जादा सवलती हस्तांतरानंतर पुढे जातच नाहीत. तेही विचारून घ्यायला हवं.

सभासद : मग गिऱ्हाईक दुसरं शोधेन. नुकतेच निवृत्त झालेले, तब्येत ठणठणीत, शाळेच्या वेळापत्रकाशी संबंध नसलेले. त्यांना पावसाळ्यातलं महाबळेश्वर चालेल, फेब्रुवारीतलं गोवा चालेल. एकदा जाऊन सात रात्री काढतील. असे लोक आमच्या सोसायटीतच आहेत. तुम्ही म्हणता तसं मोल राहणीवर ठरत असेल, तर माझं काम राहणी जुळणारं माणूस शोधणं हेच आहे.

शंकेखोर : इथे मी तुमच्याशी सहमत आहे, आणि यापुढची अडचणही इथेच आहे. साठीतलं माणूस १३ वर्षांचं देणं अंगावर घेतंय. तुमच्यावर जी वेळ आज आली, ती त्याच्यावर सात वर्षांनी येईल.

(या संवादाच्या मध्ये पडून एक सांगतो. ‘तीन रात्री’ हा जो आकडा वर आला, तसा आपापला आकडा प्रत्येक विक्रेत्याने जाहिरात देण्याआधी काढावा असं मला मनापासून वाटतं. करासह वार्षिक फी भागिले त्याच दर्जाच्या खोलीचं बाहेरचं एका रात्रीचं भाडं. वर्षाला किमान किती रात्री राहिलं तर घेणारा बुडणार नाही, हे त्यातून निघतं. सभासदत्व विकताना मूळ किंमत आणि उरलेली वर्षं सगळे सांगतात. हा आकडा कुणी सांगत नाही, आणि घेणाऱ्याला गरज नेमकी त्याचीच असते.)

सभासद : सात वर्षांनी तेही विकतील.

शंकेखोर : कुणाला? शेवटच्या सहा वर्षांचं गिऱ्हाईक तुमच्या गिऱ्हाइकापेक्षाही दुर्मीळ असेल. आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची एक वाईट सवय लागली होती, आणि तिची किंमत लाखो घरांनी मोजली. पॅनकार्ड क्लब्ज आठवतंय? हॉटेलातल्या रात्री विकायच्या, आणि राहायला गेला नाहीत तर मुदतीअंती सरेंडर व्हॅल्यू म्हणून वाढीव रक्कम परत देऊ, असं सांगायचं. लोक राहण्यासाठी पैसे भरत नव्हते, परताव्यासाठी भरत होते. सेबीने ती विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि २०१६ मध्ये ५० लाखांहून जास्त गुंतवणूकदारांचे सुमारे ७,००० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. पुण्यात बाणेरला त्या नावाचा रस्ता अजून आहे. पैशांसाठी मात्र माणसं वर्षानुवर्षं झगडत राहिली. तुमचं सभासदत्व तसलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘भरलेल्यातलं अर्धं तरी परत यावं’ ही तुमची अपेक्षा त्याच मातीतून उगवली आहे. तुम्ही १२ वर्षं सुट्ट्या घेतल्या, त्यांचे पैसे त्यातच फिटले.

सभासद : हे मला पटायला जड जातंय, पण ऐकतेय. मग एक सांगा. गेल्या महिन्यात मला फोन आला. म्हणाले, तुमच्या सभासदत्वाला साडेतीन लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कागदपत्रांचे आणि कराचे १८,००० आधी भरा. मोल शून्य असेल तर हे लोक फोन का करतात?

शंकेखोर : त्यांना तुमचं सभासदत्व नकोच आहे, तुमचे १८,००० हवेत. खरा दलाल आपली दलाली व्यवहारातून कापून घेतो. आधी मागत नाही. जगभर हाच प्रकार चालतो. २००८ च्या युरोपीय नियमांनी तर टाइमशेअरची पुनर्विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत दलालाला एक पैसाही घेण्यास बंदी केली. मेक्सिकोतल्या पुएर्तो वालार्ता भागात अमेरिकन वृद्धांना असेच फोन करून लुबाडणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांचे धागे मादक पदार्थांच्या टोळीपर्यंत पोचले, आणि २०२३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने त्यांच्यावर निर्बंध घातले. असा फोन त्यालाच येतो ज्याला बाहेर पडायचं आहे आणि दार सापडत नाही. तुमचं नाव, योजना, उरलेली वर्षं त्यांना माहीत होती ना? मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर.

सभासद : गेले नाहीत. पण दार सापडत नाही, हे तुम्ही बरोबर बोललात. मग विकायचंच कशाला? फी भरणं बंद करते. करतील रद्द.

शंकेखोर : ते वाटतं तितकं सोपं नाही, आणि मी तो सल्ला देणार नाही. आधी पाहा, सभासदत्व हप्त्यांवर घेतलं होतं का? बँकेचा किंवा वित्तकंपनीचा हप्ता बाकी असेल, तर तो थकवणं म्हणजे कर्ज थकवणं. ते तुमच्या क्रेडिट अहवालात उमटतं. वार्षिक फीचं वेगळं. ती थकली की बुकिंग बंद होतं, थकबाकीवर व्याज चढत राहतं. कंपनी करार कधी संपवेल, हे करारातल्या कलमावर आणि कंपनीच्या मर्जीवर. तोवर नोटिसा येत राहतात, आणि म्हातारपणी त्या घरात नको असतात. त्यापेक्षा लेखी कळवा की मला सभासदत्व सोडायचं आहे, अटी सांगा. सरेंडरची सोय असेल तर ती घ्या, हाती काही न पडलं तरी. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार ती वरची मर्यादा असते. न्यायालय वाजवी भरपाईच देतं.

सभासद : आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर?

शंकेखोर : तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याने ‘अन्याय्य करार’ ही नवी कल्पना आणली. करार मोडल्याबद्दल नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा, किंवा एका पक्षाला वाटेल तेव्हा करार संपवायची मुभा देणारा करार त्यात बसू शकतो. ही तक्रार जिल्हा आयोगाकडे जात नाही, राज्य आयोगाकडे जाते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. तुम्ही राहता त्या राज्यात करता येते, रिसॉर्ट किंवा कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पण वेळ लागतो, आणि निकाल तुमच्या करारातल्या शब्दांवर ठरतो. म्हणून आधी करार वाचा, मग कायद्याचं नाव घ्या.

सभासद : थांबा. आता मी कंपनीची बाजू घेते, कारण ती कुणीतरी घ्यायला हवी. मी १२ वर्षं ज्या स्वच्छ चादरी आणि चालू गीझर वापरले, ते इतरांच्या फीवर चालत होते. ज्या वर्षी मी गेले नाही, त्या वर्षी माझ्या फीवर दुसऱ्यांची खोली चालली. गरज संपली की जो तो चालता झाला, तर उरलेल्यांवर भार वाढत जाईल. शेवटी जो सर्वात म्हातारा, सर्वात दूरचा आणि सर्वात कमी चौकस, तोच तेवढा अडकून राहील. २५ वर्षांचा शब्द दिला होता मी. तो शब्द होता म्हणूनच सभासदांच्या पैशांवर रिसॉर्ट उभं राहिलं. हे देणं मी कुणाच्या गळ्यात मारत असेन तर ते चूक, पण नुसतं टाकून देणं हेही तितकंच चूक नाही का?

शंकेखोर : हा तुमचा सर्वात वजनदार मुद्दा आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो की त्या रिकाम्या झालेल्या खोल्या कंपनी नव्या सभासदांना विकते, बाहेरच्या पाहुण्यांनाही भाड्याने देते. जुना सभासद गेल्याने फक्त खर्चच उरतो, असं नाही. आणि शब्द २५ वर्षांचा असला, तरी माणसाचं आयुष्य २५ वर्षं एकसारखं राहत नाही, हे करार लिहिणाऱ्याला ठाऊक असतंच. स्पेनने १९९८ च्या कायद्याने अशा करारांची मुदत ५० वर्षांवर आणली, आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याहून लांबचा करार रद्दबातल ठरवला. मुदतीवर मर्यादा आली, पण मुदतीच्या आत बाहेर पडण्याचा प्रश्न तिथेही उरलाच. ठरावीक वर्षांनंतर, ठरावीक पूर्वसूचना देऊन, ठरावीक रक्कम भरून बाहेर पडता येईल, असं कलम प्रत्येक करारात का नसावं? उरलेल्या सभासदांचा भार त्या रकमेतून निघेल.

सभासद : ते कलम माझ्या करारात नाही. पुढच्या पिढीच्या करारात येईल तेव्हा येवो. माझ्यापुरतं बोला. माझ्या बहिणीची मुलगी नाशिकला असते, दोघं घरून काम करतात, मूलबाळ नाही, वर्षातून दोन-तीनदा आठ-आठ दिवस भटकतात. पांढरा सीझन त्यांना चालतो, बुकिंगची खिडकी उघडायला त्यांना कुणी शिकवायला नको. तुमच्या गणितात त्या सातही रात्री भरतात. काही योजनांत रक्ताच्या नात्यात ट्रान्सफर सोपीही असते. तिला फुकट देते. एक रुपयाही घेत नाही.

शंकेखोर : फुकट हा शब्द जपून. ती तुमच्याकडून साडेचार लाखांपर्यंतचं देणं घेतेय. मावशीने प्रेमाने दिलेलं नाही म्हणणं भाचीला जड जातं. परक्या गिऱ्हाइकाने चार प्रश्न विचारले असते, ती विचारणार नाही. तिची आजची राहणी जुळते, मान्य. पण तिला मूल झालं, नोकरी दुसऱ्या देशात गेली, तर तीही मे महिन्याच्या रांगेत उभी राहील, नाहीतर तुमच्यासारखी दार शोधत फिरेल.

सभासद : मग तिला तुमचे आकडे देते. मागच्या पाच वर्षांच्या फीच्या पावत्या देते, म्हणजे वाढीचा खरा वेग तिला दिसेल. कोणत्या वर्षी कोणत्या तारखा मागितल्या आणि कुठे खोली मिळाली नाही, तेही लिहून देते. करार तिच्या हातात देते, आणि म्हणते की महिनाभर विचार कर, नाही म्हणालीस तर मला वाईट वाटणार नाही.

शंकेखोर : वाईट वाटणार नाही हे तुम्ही म्हणाल, पण तिला खरं वाटेल का? आणि तिने होकार दिला, तर तो सात रात्रींना दिला की तुम्हाला दिला, हे तुम्हाला कसं कळणार? माझं मत विचाराल तर आधी कंपनीला सरेंडरचं पत्र पाठवा. उत्तर आलं की मग भाचीकडे जा, म्हणजे तिच्यासमोर दोन्ही वाटा असतील आणि तुमच्या सुटकेचा भार तिच्या ‘हो’वर राहणार नाही.

सभासद : सरेंडर मिळालं तर मी तिला विचारणारच नाही, आणि तिच्या खरोखर उपयोगाची गोष्ट कंपनीला फुकट परत जाईल. ते मला मान्य नाही. मी दोन्ही एकदमच करणार, पत्र कंपनीला आणि कागद भाचीला.

शंकेखोर : मग भाचीला दिलेल्या कागदांत कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रतही ठेवा. मावशी बाहेर पडू बघतेय, हे तिला कळू द्या.